तरुण दातांचा जमाखर्च

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला संसाराचे ज्ञान पुष्कळ असेल, पण दातांचे फारसे नसावे. त्याच्या हिशेबी दात हे तारुण्याचे वैभव आणि बोळके ही म्हातारपणाची मिळकत. मधल्या काळात काय घडते, याची त्याने विचारपूस केलेली दिसत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, पन्नाशी-साठीला जी दाढ काढून घ्यावी लागते, तिच्या नाशाला पुष्कळदा विशी-पंचविशीतच सुरुवात झालेली असते. चणे खाण्याच्या ऐन बहरात, मालकाला काडीचा पत्ता न लागता!

मुंबई-पुण्याच्या वाचकांना पेण आणि रोहा ही गावे काही परकी नाहीत. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती, पातळ पोहे आणि पापड. रोहा म्हटले की कुंडलिका नदी, धावीर महाराजांची पालखी आणि धाटावचे रासायनिक कारखाने. दोन्ही गावे जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. आगगाडीने गेले तर दोहोंच्या मध्ये कासू, नागोठणे आणि निडी एवढीच स्टेशने. रोह्याहून पेण-पनवेलमार्गे दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत कोण असते? कॉलेजची मुले-मुली, पनवेलच्या कचेऱ्यांतली नोकरदार मंडळी, कुठे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली. आणि उलट्या दिशेच्या गाडीत धाटावची पाळी गाठणारे कामगार. वये अठरापासून तिशीपर्यंत. हसताना पाहावे तर सगळ्यांचे दात मोत्यांसारखे. अर्थात पुढचे. दाढा कोणी दाखवत नाही.

या वयाच्या दाढांत काय चालले आहे, हे सरकारी तक्त्यांत शोधू गेलात तर एक मौज आढळेल. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर मोठी पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्यात वयाचे गट पाडले होते: पाच, बारा आणि पंधरा वर्षांची मुले, पस्तीस ते चव्वेचाळीस वर्षांची माणसे आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तर वर्षांचे वृद्ध. पंधरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे त्रेसष्टांच्या दातांना कीड लागलेली निघाली. पस्तीस ते चव्वेचाळीसच्या गटात हेच प्रमाण शंभरात सुमारे ऐंशी. आकडे चिंताजनक आहेतच, पण त्याहून विचार करायला लावते ती मधली मोकळी जागा. पंधरानंतर एकदम पस्तीस! मधली वीस वर्षे गेली कुठे? कॉलेज, पहिली नोकरी, लग्न, पहिले बाळंतपण, दुसरे बाळंतपण, हे सारे त्या वीस वर्षांत होऊन जाते, आणि राष्ट्रीय तक्त्यात त्याला रकानाच नाही.

आता हे दात मोजतात कसे, ते सांगितले पाहिजे. पुढचा सारा वाद त्यावरच उभा आहे. अमेरिकेतले हेन्री क्लाइन आणि कॅरोल पामर या दोघांनी १९३७-३८ च्या सुमारास एक सोपी पद्धत रूढ केली. प्रत्येक माणसाचे किडलेले किती, किडीमुळे गेलेले किती आणि भरलेले किती, हे तीन आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज मांडायची. आजही जगभर हीच बेरीज चालते. या हिशेबाची खोड अशी की यात जमेची बाजू नाही. किडलेला दात भरला तरी तो बेरजेतून सुटत नाही, काढून टाकला तरी सुटत नाही. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत निदान पैसे फेडल्यावर काट मारतात. इथे तीही सोय नाही. म्हणून ‘वयाबरोबर कीड वाढते’ असे कोणी मोठ्या गांभीर्याने सांगितले, तर त्यात अर्धी बातमी आणि अर्धे गणित असते. वाढणारच, कमी व्हायला वावच नाही. खरा प्रश्न, ती कोणत्या वयात झपाट्याने वाढते आणि कोणाची.

कीड हा शब्दही जरा फसवाच. दातात किडा नसतो. कानात नळी घालून दातातला किडा काढून दाखवणारे वैदू पूर्वी जत्रेत भेटत. तो हातचलाखीचा खेळ. १८९० साली मिलर नावाच्या दंतवैद्याने बर्लिनमध्ये दाखवून दिले की, तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. घास गोड असला की काही मिनिटांत दातावरच्या थरात आम्ल वाढते, आणि तोंडातली लाळ ते हळूहळू धुऊन, मोडून पूर्वपदावर आणते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे प्रत्येक गोड घास हा दातांवर अर्ध्या-पाऊण तासाचा हल्ला, आणि त्यानंतरची विश्रांती ही डागडुजीची वेळ. लाळेतली खनिजे त्या वेळात कवचाची झीज भरून काढतात. हल्ले कमी आणि विश्रांती जास्त असेल तर दात टिकतो; विश्रांतीच मिळाली नाही तर कवच खचते. कवचाला संवेदना नसते, म्हणून दुखत नाही. दुखायला लागते ते कीड आत खोल उतरल्यावर, आणि तोवर कित्येकदा वर्षे गेलेली असतात.

किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे ठरते. याचा सर्वांत मोठा पुरावा स्वीडनमध्ये मिळाला, आणि तो ज्या रीतीने मिळाला ती ऐकून अंगावर काटा येतो. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे प्रयोग चालले. काही रुग्णांना साखर जेवणाबरोबर दिली. काहींना मात्र दातांना चिकटणाऱ्या टॉफी मधल्या वेळी दिल्या. कोणाला दिवसाला आठ, कोणाला चोवीस. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे दात भराभर किडले. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला, त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्यांना ते समजले नसते. आज तसे कोणी करू धजणार नाही. पण त्या बिचाऱ्यांच्या दातांनी जगाला जे शिकवले, त्यावरून स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी द्यायची, अशी चाल पडली.

हे कळले म्हणजे विशीतल्या माणसाचे काय होते ते सहज उमगते. शाळेत असेपर्यंत खाण्याला घड्याळ असते; आई तरी असते. अठराव्या वर्षी दोन्ही सुटतात. रोह्याच्या मुलाचे पहा. गाडी पकडायची म्हणून सकाळी चहा-बिस्किट, पनवेलला उतरल्यावर पुन्हा चहा, अकराला कचेरीतला, तीनला कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, परतीच्या गाडीत थंड पेयाची बाटली, आणि ती एकदम न पिता नागोठण्यापर्यंत घोट-घोट पुरवलेली. धाटावच्या रात्रपाळीवाल्याचा तर दिवस-रात्रीचा हिशेबच उलटा. झोप उडवायला तासातासाला गोड चहा. पेणच्या मूर्तिशाळांत आषाढ-श्रावणात रात्री-रात्री रंगकाम चालते, तिथेही तीच गत. लाडू कोणी खाल्लेला नाही, मिठाई कोणी खाल्लेली नाही. तरी दातांवर दिवसातून आठ-दहा हल्ले झाले. शेवटचा हल्ला झोपण्यापूर्वीचा असतो, आणि झोपेत लाळ आटते. तिथेच खरा घात होतो.

त्यातच या वयात अक्कलदाढ येते. सतरा ते पंचवीस या वयात, बहुधा अर्धवट, वाकडी. तिच्या आणि पुढच्या दाढेच्या बेचक्यात अन्न अडकते आणि ब्रश तिथवर पोचत नाही. अक्कलदाढ किडली तर फारसे बिघडत नाही, काढून टाकता येते. पण ती जाता-जाता शेजारच्या चांगल्या दाढेची पाठ किडवून जाते. नाव अक्कलदाढ, करणी अशी.

आता बायकांकडे वळू.

मुलींचे दात अधिक किडतात, असे जगातल्या बहुतेक पाहण्यांत आढळते. फरक मोठा नसतो, पण पुन्हा-पुन्हा दिसतो. आपल्याकडे याचे उत्तर तयारच आहे: बायकांचे दात मुळातच नाजूक, त्यात बाळंतपण, मग काय राहणार! एकेका मुलापायी आईचा एकेक दात जातो, पोटातले मूल आईच्या दातांतला चुना ओढून घेते, अशी समजूत अजूनही घरोघर ऐकू येते. ती साफ चूक आहे. दाताच्या कवचात रक्त खेळत नाही; एकदा घडलेल्या कवचातून कॅल्शियम काढून नेण्याची वाटच शरीरापाशी नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून मिळते, आणि कमी पडलेच तर हाडांतून. दातांवर हा आळ नाहक आहे.

क्लाइन आणि पामर यांनीच १९३८ मध्ये शाळकरी मुलामुलींचे दात तपासून यातला एक धागा सोडवला. मुलींचे कायमचे दात मुलांच्या आधी काही महिने येतात. म्हणजे सारख्या वयाच्या भाऊ-बहिणीत बहिणीच्या दाढेने जास्त दिवस जग पाहिलेले असते, जास्त घास चावलेले असतात. दातांचे वय मोजले की फरकाचा बराच भाग विरतो. उत्तर सुरेख आहे, पण ते बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत पुरते. तिशीच्या बाईचा आणि तिशीच्या पुरुषाचा फरक सहा महिन्यांच्या आघाडीने कसा समजावा?

इथे आपल्या पुणे जिल्ह्यातले एक जुने गाव मदतीला येते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षे तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीतली घरे, चुली, धान्याच्या कणग्या आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे उजेडात आणली. त्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी केला. दात हाडापेक्षाही टिकाऊ. तोंडात असताना किडणारा दात मातीत मात्र हजारो वर्षे शाबूत राहतो, ही एक गंमतच. लुकाक्स पुढे हडप्पा आणि अन्य ठिकाणच्या दातांकडे वळले. शिकार आणि कंदमुळे सोडून माणूस धान्य पिकवू लागला तेव्हा कीड वाढली, आणि बायकांची पुरुषांपेक्षा अधिक वाढली, असे त्यांनी मांडले. धान्य आले तशी बाळंतपणेही वाढली, हे त्यांच्या मते त्याचे एक कारण. गरोदरपणात लाळेचे प्रमाण आणि गुण बदलतात, उलट्यांचे आम्ल दातांवर येते, आणि खाणे थोडे-थोडे, पुन्हा-पुन्हा होते.

आणखी पुढे जाऊन २०११ साली त्यांनी दक्षिण आशियातल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. जैविक कारणांच्या जोडीला त्यांनी जी सामाजिक कारणे सांगितली, ती वाचून आपल्या स्वयंपाकघरात कोणी डोकावून गेले की काय असे वाटते. मुलग्याला मिळणारे झुकते माप, गरोदरपणातली पथ्ये आणि बायकांचे उपासतापास!

उपासांचेच घ्या. संकष्टी, एकादशी, सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, हरतालिका, वटपौर्णिमा. पुरुषही उपास करतात, पण घरातली यादी कोणाची लांब, हे सांगायला नको. उपास दातांना वाईट नाही. न खाल्ल्याने कीड लागत नाही. पण तोंड कोरडे पडते, लाळ कमी होते, आणि त्या कोरड्या तोंडात साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि दर दोन तासांनी गोड चहा जातो. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, आणि दाढेच्या खाचेत असा बसतो की जणू तिथेच जन्मला. एकादशी आणि दुप्पट खाशी, या म्हणीत पोटाची थट्टा आहे. दातांचे दुःख तिच्यात आलेले नाही.

उपास नसलेल्या दिवसाचे घड्याळही पहा. घरात सर्वांत आधी उठते ती, आणि सर्वांत शेवटी जेवते तीही. सहाला चहा, डबे भरताना तोंडात टाकलेला घास, मुलाने टाकलेला शिरा वाया नको म्हणून संपवलेला, अकराला पुन्हा चहा, आमटी-भाजीची चव पाहणे, आणि ताटावर बसायला दोन वाजलेले. नवरा दिवसातून चारदा खातो, ही दहादा. आणि तरी ‘मी काही खाल्लेच नाही’ असे म्हणते, ते खरेच असते. पेणच्या पापड लाटणाऱ्या बायकांनी लाट्या खाल्ल्या म्हणून त्यांच्या दातांवर कोणी रागावू नये. उडदाच्या लाटीत साखर नाही. लाटता-लाटता फिरणाऱ्या चहाच्या किटलीवर मात्र लक्ष ठेवावे.

बाळंतपणाला तर आपण लाडूंचा किल्लाच रचतो. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे, खारीक-खोबऱ्याचे. त्यांच्या गुणांबद्दल आजी-पणजीशी वाद घालण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकात नाही. पण ते चिकट असतात, गोड असतात, आणि रात्री दोन वाजता बाळ उठले की बाळंतीण त्यांतलाच एक खाऊन पाणी पिऊन झोपते. ब्रश कोण करतो त्या वेळी? बाळंतपणात दात गेले असे पुढे जे सांगितले जाते, त्याचा पुष्कळसा भाग या तीन महिन्यांच्या मध्यरात्रींत दडलेला असतो.

हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट राहते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती त्या बेरजेच्या पोटात लपलेली आहे.

समजा, पेणमधल्या एका घरात भाऊ आणि बहीण आहेत. तो एकोणतीसचा, ती सत्तावीसची. तपासणीत दोघांची बेरीज तीन-तीन भरली. तक्त्यात दोघे सारखे. स्त्री-पुरुषात फरक नाही, असा निष्कर्ष निघायला हरकत नाही. आता तोंडात डोकावा. भावाच्या तिन्ही दाढा भरलेल्या; नोकरी लागली तेव्हा दुखल्या, गेला, भरून आला. बहिणीची एक किडलेली आणि दोन काढलेल्या. एकदा परीक्षा होती, मग पाहुणे बघायला येणार होते, मग लग्नाचा खर्च होता, मग दिवस गेले होते, मग बाळ अंगावर पीत होते. प्रत्येक वेळी लवंगेच्या तेलाचा बोळा. शेवटी दुखणे सोसवेना तेव्हा दाढ भरण्याजोगी राहिली नव्हती. बेरीज सारखी, पण भाऊ चणे खातो आणि बहीण एका बाजूने चावते. पाहुणे येणार होते तेव्हा पुढच्या दातावरचा डाग मात्र आठवणीने साफ करून घेतला होता!

म्हणून पेणच्या शंभर तरुणांची आणि शंभर तरुणींची पाहणी कोणी केली आणि वर्तमानपत्रात ‘बायकांचे दात किडके’ किंवा ‘स्त्री-पुरुष समान’ असा मथळा आला, तर वाचकाने पुढचे दोन प्रश्न विचारावेत. किडलेले किती, गेलेले किती आणि भरलेले किती, हे वेगवेगळे सांगा. आणि तुलना केली ती कोणाची कोणाशी? कॉलेजातल्या मुलींची धाटावच्या कामगारांशी केली असेल, तर ती बाई-पुरुषाची तुलना नव्हे, दोन निरनिराळ्या जगण्यांची आहे. रोह्याच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथे पाच रुपयांच्या गोड बिस्किटांची पुडी पोचली, दंतवैद्य पोचला नाही.

आणि मशेरी! दाढ दुखते म्हणून तव्यावर भाजलेली तंबाखू हिरडीवर चोळायची, घटकाभर बधिर वाटते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. महाराष्ट्राच्या खेड्यांत कितीतरी बायकांच्या व्यसनाची सुरुवात अशी दाढदुखीने झालेली आहे. कीड आपले काम आत चालूच ठेवते, वरून हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण जाते. पुरुषांची तंबाखू चव्हाट्यावर असते, तिच्याविरुद्ध पाट्या लागतात; मशेरीची डबी चुलीमागे असते.

आपल्या आजोबांनी राखुंडी, कडुनिंबाची काडी आणि माकडछाप काळ्या मंजनावर दात टिकवले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण आजोबा दिवसातून दोनदा जेवत आणि चहा पाहुण्यासारखा क्वचित येई. आजच्या तोंडाला रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टची गरज आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तिच्यात दहा लाख भागांत हजार भागांपर्यंत फ्लोराइड असू शकते. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते. पेस्ट थुंकून टाकावी आणि वर पाण्याचे तांबे ओतू नयेत, म्हणजे ते दातांवर टिकते. गरोदर बाईने दंतवैद्याकडे जाऊ नये, हीही अशीच एक निराधार भीती. मधले तीन महिने त्याला सर्वांत सोयीचे. तिने फक्त आपण गरोदर आहोत हे खुर्चीत बसण्यापूर्वी सांगावे.

दिवाळीच्या अंकात फराळाविरुद्ध लिहिल्याचा आळ नको, म्हणून तेही सांगून टाकतो. सकाळी अभ्यंगस्नानानंतर ताटभर लाडू, करंज्या, चिरोटे एका बैठकीत खाल्ले, वर पाणी प्यालात, तर दातांवर एकच हल्ला होतो. दातांना नडतो तो दिवसभर उघडझाप होणारा डबा. जाता-येता एक शंकरपाळा.

तरुण वयातली कीड ओळखण्याची एक खूण आहे. कवच विरघळू लागले की हिरडीच्या कडेशी दातावर चुन्यासारखा निस्तेज पांढरा ठिपका दिसतो. दात कोरडा करून उजेडात पाहिला तर स्पष्ट दिसतो. त्या वेळी अजून खड्डा पडलेला नसतो. लाळ, फ्लोराइड आणि मधल्या वेळची विश्रांती यांनी तो ठिपका काही महिन्यांत पुन्हा घट्ट होऊ शकतो, दात कोरावा लागत नाही. पुढच्या दातांवरचा ठिपका घरच्या आरशात सापडतो. दोन दाढांच्या फटीतला मात्र दंतवैद्याच्या एक्स-रेतच दिसतो, आणि विशीत बहुधा तो तिथेच असतो.